हेबर्लेबाईंची हरकत

वीणा आगाशे इंग्लंडचा अभ्यास करायला जर्मनीला गेली, याचं सांगलीत पुष्कळ दिवस हसं झालं. मिरजेला जायचं म्हणून पुण्याची एस.टी. पकडण्यातला प्रकार, असं तिच्या काकांनी चारचौघांत म्हणून टाकलं. पण शिष्यवृत्ती जर्मन सरकारची होती, इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक ट्युबिंगनलाही होते, आणि धर्माची गाय मिळाल्यावर तिला दात का नाहीत म्हणून विचारायची सोय नसते. १९५८ साली वीणा बोटीत बसली.

विषय तिने असा निवडला होता की काकांना आणखी महिनाभर पुरावा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडात कडव्या धर्मोपदेशकांनी नाटकावर कोणकोणते आक्षेप घेतले, त्याचा अभ्यास. आक्षेपांना तोटा नव्हता. नाटकात पोरगे बायकांचे कपडे घालतात आणि ते बायबलला मंजूर नाही. रविवारी चर्च ओस पडतं आणि नाटकगृहात पाय ठेवायला जागा नसते. प्लेग येतो तोसुद्धा नाटकांमुळेच. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, नाटक ही मुळातच मूर्तिपूजा आहे. जुन्या देवांपुढे ती सुरू झाली, आणि वरून कितीही रंग दिला तरी आतून अजून तीच आहे. या मंडळींच्या बाजूचं राज्य आलं तेव्हा लंडनची नाटकगृहं खरोखरच बंद झाली आणि अठरा वर्षं बंद राहिली.

सांगलीच्या मुलीला हे वाचून हसू न येतं तरच नवल. तिच्या गावातली माणसं एक वेळ स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसाच्या तारखा विसरतील, पण कुठल्या नटाने कुठलं पद कसं घोळवून म्हटलं होतं ते विसरणार नाहीत. वीणाने पहिली चार प्रकरणं हसत हसतच लिहिली. प्राध्यापकांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “फ्रॉयलाइन आगाशे, तुमचे सगळे धर्मोपदेशक मूर्ख आहेत. मूर्खांना एक दुकान बंद करता येत नाही. यांनी एका देशाची रंगभूमी बंद केली. असं एखादं माणूस तुम्ही कधी जवळून पाहिलंय का?”

वीणा “नाही” म्हणाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ट्युबिंगनपासून बसने अर्ध्या तासावरच्या एका गावात ती ज्या घराच्या माळ्यावर राहत होती, त्या घराच्या मालकीणबाई फ्राउ हेबर्ले नेमक्या तशाच होत्या.

हेबर्लेबाई पासष्टीच्या, विधवा, कायम काळ्या कपड्यांत. गावात भाविकांचा एक कडवा गट होता. ते दर बुधवारी एकमेकांच्या स्वयंपाकघरात जमून बायबल वाचत आणि गावच्या चर्चलासुद्धा जरा ढिलं समजत. बाई त्यांतल्या मुख्य. नाच नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही, रविवारी रेडिओ नाही. जिना झाडायची पाळी वीणाची असली की बाई नंतर कोपऱ्यातून बोट फिरवून बघत आणि काही न बोलता फडकं आणून देत. पण वीणाला ताप आला तेव्हा रात्रभर ओल्या पट्ट्या ठेवत त्याच बसल्या होत्या. ती मांस खात नाही हे कळल्यापासून मसुरीच्या आमटीत सॉसेज टाकायचं त्यांनी स्वतःसाठीही बंद केलं होतं. वीणाच्या डोक्यातले धर्मोपदेशक लांब झग्यातले, जुन्या कागदावरचे. गरम सफरचंदाचा केक घेऊन जिना चढून येणारी म्हातारी त्यांच्या पंगतीत बसेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

आता नाटकाचं. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह आणि आसपास शिकायला आलेली पंचवीसेक मराठी मंडळी दिवाळीनंतर एका शनिवारी जमून नाटक करत. लिहिणारा आणि बसवणारा आत्माराम, स्टुटगार्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत कापडाच्या यंत्रांवर डॉक्टरेट करणारा, उंच, तिरसट आणि पक्का नास्तिक. पुण्यात जानवं तोडून सत्यनारायणाच्या भटजीशी वाद घातल्याची गोष्ट तो दर भेटीत सांगे. नायिका दोन वर्षं दिनकर करत होता. त्यासाठी तो मिशी काढी, आणि ती परत येईपर्यंत त्याच्या कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेतले जर्मन त्याला फ्रॉयलाइन, म्हणजे कुमारी, म्हणत. यंदा मात्र आत्मारामने नवं नाटक लिहिलं होतं. एका मुनसफाची बायको भर कोर्टात नवऱ्याविरुद्ध खरी साक्ष देते, अशी गोष्ट. ते वाचून दाखवल्यावर तो वीणाला म्हणाला होता, “हे काम तुम्ही करायचं, वीणाबाई. दिनकरला साडीत बघून आता माझाच धीर सुटतो.”

वीणाने लगेच हो म्हटलं नाही. आधी ती बाहेर जाऊन थंडीत उभी राहिली, कारण तिला रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. सांगलीत आगाशे मंडळी नाटकाला जात ती देवदर्शनाला गेल्यासारखी. वडील तर त्या दिवशी कुणावर आवाजसुद्धा चढवत नसत. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात वीणाला काम मिळालं, तेव्हा आईने एका वाक्यात निकाल लावला: “नाटक बघायचं आपण, करायचं दुसऱ्यांनी.” घरंदाज मुलगी आणि तोंडाला रंग? विषय संपला. पुढे आयुष्यभर वीणा रंगमंचाच्या अलीकडेच बसली, आणि पलीकडे जाता येईना म्हणून असेल, त्याच्यावर प्रबंध लिहायला लागली. येत्या वसंतात ती परत जाणार होती. कोल्हापूरच्या कॉलेजात नोकरी ठरली होती, रत्नागिरीच्या वकिलांच्या घरी लग्न ठरलं होतं. तिथे हा प्रश्न पुन्हा निघणार नव्हता. तेव्हा रंगमंचावर उभं राहायचं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. डॉक्टरेटपेक्षा तिला हे जास्त हवं होतं, आणि ते कबूल करायला तिला लाजही वाटत नव्हती.

घोडं अडलं ते हॉलपाशी. गेल्या वर्षीचा हॉल या खेपेला मिळाला नाही. वीणाच्या गावात चर्चचा छोटा हॉल होता, रंगमंचासकट, आणि सगळ्यांना सोईचा. गावचा पाद्री तरुण, मोटरसायकल उडवणारा. तो म्हणाला, “भारतीय नाटक? कुल्टूर! माझी काहीच हरकत नाही. पण चर्चच्या मंडळात फ्राउ हेबर्ले नको म्हणाल्या, तर बाकीचे हो म्हणायचे नाहीत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” आत्माराम वीणाला म्हणाला. “म्हणजे प्रश्नच मिटला. नाटकाच्या विरोधकांवर तुम्ही डॉक्टर होणार. दोन वर्षं त्यांचे सगळे मुद्दे पाठ केलेत. एका म्हातारीला पटवून द्यायचं, बस.”

वीणा तयारीनिशी खाली उतरली. हेबर्लेबाई टेबलाशी बसून वाळवणासाठी सफरचंदाच्या चकत्या करत होत्या. वीणाने दुसरी सुरी घेतली आणि समोर बसून सगळं सांगितलं. बाईंनी मान खाली ठेवूनच ऐकून घेतलं.

“कसली गोष्ट आहे?” त्यांनी विचारलं.

“एक बाई कोर्टात खरं बोलते. नवऱ्याचं नुकसान होणार हे माहीत असून.”

“खरं बोलते हे ठीक. दारू?”

“नाही.”

“नाच?”

“एकही नाही.”

“बायकांचे कपडे पुरुष घालतात?”

हा मुद्दा वीणाच्या दुसऱ्या प्रकरणातला. ती मनातल्या मनात हसली. “आधी घालायचे. यंदा नाही. ते काम मी करणार आहे.”

“तुम्ही,” हेबर्लेबाई म्हणाल्या. त्यांनी एक अख्खं सफरचंद कापून संपवलं. “तुमच्या आईला माहीत आहे?”

“नाही,” वीणाने सांगितलं. बाईंपुढे खोटं बोलायची सवय तिला नव्हती.

“हं. मला वाटतं, तुमच्या आईचं आणि माझं जमलं असतं.” पण हे म्हणताना त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. वीणाला वाटलं, आता थोडंच राहिलं. बाई देवभोळ्या. त्यांना एवढं कळलं की आपलं नाटकही देवाचं नाव घेऊनच सुरू होतं, की काम फत्ते. कुठल्याही मराठी माणसाला असंच वाटलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“आणि फ्राउ हेबर्ले, आमच्याकडे नाटक म्हणजे नुसती करमणूक नसते,” ती उत्साहाने म्हणाली. “आधी आम्ही प्रार्थना करतो.”

सुरी थांबली. म्हातारीचा चेहरा एकदम मऊ झाला. “प्रार्थना करता?”

“म्हणजे काय! त्याशिवाय कोणी रंगमंचावर पाय ठेवत नाही. नटराजाची मूर्ती मांडतो, हार घालतो, उदबत्ती लावतो, नारळ फोडतो. सगळे मिळून नांदी म्हणतो. मग रंगभूमीला हात लावून नमस्कार करायचा आणि पाऊल टाकायचं. रंगभूमी ही आमची देवताच आहे.”

एकही शब्द तिने गाळला नाही. मूर्तीसुद्धा नाही.

हेबर्लेबाईंनी सुरी पुसून बाजूला ठेवली. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पाद्री मला म्हणाला, नुसती गंमत आहे,” त्या म्हणाल्या. “गमतीकडे मी एक डोळा मिटला असता. माणसं वेळ वाया घालवतात, घालवू देत. पण तुम्ही गंमत करत नाही, फ्रॉयलाइन आगाशे. तुम्ही तिथे एका देवाला बोलावता, आणि मला वाटतं, तो येतो. आमच्या हॉलमध्ये ते होणार नाही.”

वीणा माळ्यावर गेली. आधी तिला संताप आला. मग तिने सहज प्रबंधाची पानं उघडली. तिसऱ्या प्रकरणात, नाटक ही मूर्तिपूजा आहे या आरोपाखाली, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की हा आरोप इतका हास्यास्पद आहे की त्याचं खंडन करायचीही गरज नाही. ते वाचलं आणि ती पलंगावर बसून खो खो हसत सुटली. अगं शहाणे, हास्यास्पद काय, अक्षरशः खरं होतं की! आत्ता खाली जाऊन तीच तर अभिमानाने कबूल करून आली होती. चारशे वर्षांपूर्वीचा तो खवळलेला इंग्रज आणि सांगलीतले तिचे वडील एकच गोष्ट सांगत होते, की पडदा उघडला की तिथे कोणीतरी येतं. एक त्यापुढे हात जोडायचा आणि दुसरा पळ काढायचा, एवढाच फरक. हसता हसता तिला रडू आलं, कारण प्रकरणाला उजेड मिळाला होता पण नाटक गेलं होतं.

त्या आठवड्यात तिने तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं. प्राध्यापकांनी वाचून विचारलं, “आता हे मूर्ख राहिले नाहीत. कोण भेटलं तुम्हाला?”

“माझी घरमालकीण,” वीणा म्हणाली.

इकडे पाद्रीने मोटरसायकलवरून दोन फेऱ्या मारून तोडगा काढला. मूर्ती नको, नारळ नको, नांदी नको. नुसतं नाटक करा, हॉल घ्या. हेबर्लेबाईंनी नाराजीने का होईना, मान हलवली. किल्लीही वीणाच्या हातात दिली. ती घेऊन वीणा रविवारी स्टुटगार्टला आत्मारामच्या खोलीवर गेली. सगळे जमले होते, बटाट्याची भाजी पावाबरोबर पोळी समजून खात होते. वीणाने बातमी सांगितली. तिला वाटलं टाळ्या पडतील.

“शक्य नाही,” आत्माराम म्हणाला.

“अहो, पण तुमचा तर देवावर विश्वास नाही!”

“नाहीच आहे. देवाचा इथे काय संबंध? नारळ फोडल्याशिवाय मी रंगमंचावर पाय ठेवणार नाही. माझ्या बापजन्मी कोणी ठेवलेला नाही.”

“अरे, मग देव नाही तर नारळ कुणाला?” दिनकरने विचारलं.

“रंगभूमीला! आल्झो, म्हणजे, तिला मी देव कधी म्हटलं?” आत्माराम लालबुंद झाला होता. “हे बघ, वाद घालू नकोस. मला ते सिद्ध करता येत नाही. पण नाही म्हणजे नाही.”

सगळे हसले, पण कोणी त्याला खोडून काढलं नाही. मग दिनकरने नेहमीप्रमाणे सोपी वाट काढली. “वीणाताई, आपण पडद्यामागे गुपचूप उरकू या की. नारळ इथेच फोडून नेऊ. म्हातारीला कोण सांगायला जातंय?”

“तिच्या घरात राहते मी,” वीणा म्हणाली. “तिने तोंडावर विचारलं तर काय सांगू?”

शेवटी आत्मारामच, आवाज उतरवून म्हणाला, “हे तुमचं इथलं शेवटचं वर्ष. आमचं काय, आम्ही पुढच्या दिवाळीला दुसरीकडे करू. तुम्ही म्हणाल ते. तुम्ही नुसतंच करू म्हणालात, तर मी माझा नारळ गिळतो.”

वीणाला पटकन हो म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं की ती मुनसफाची बायको होणार होती. तिने डोळ्यांसमोर तो हॉल आणला, लाकडी पायऱ्या आणल्या, आणि नमस्कार न करता पहिल्या पायरीवर पाऊल टाकून बघितलं. पाऊल उचलेना. बैठकीत चपला घालून शिरल्यासारखं वाटलं. आपण आईवर इतकी वर्षं चिडलो, पण आई निदान रंगभूमीला घाबरून तरी होती. नुसती जागा समजून तिच्यावर चढायचं हे आपल्याच्याने होणार नाही, हे तिला कळून चुकलं.

“नको,” ती म्हणाली, आणि इतक्या जोरात नाक शिंकरलं की दिनकरने आपला रुमाल पुढे केला.

सोमवारी सकाळी तिने किल्ली हेबर्लेबाईंच्या टेबलावर ठेवली. “हॉल नको आम्हाला. थँक्यू.”

“का? मी हो म्हटलंय.”

“प्रार्थनेशिवाय करता येत नाही. आणि तुमच्या नकळत प्रार्थना करायची नाही. म्हणून नाटकच करायचं नाही.”

बाईंनी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तुम्हाला ते फार हवं होतं?”

“फार,” वीणा म्हणाली. “आता परत मिळणार नाही.”

“आणि तरी सोडलं.”

“सोडलं.”

हेबर्लेबाई उठल्या, किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि चुलीवरचं दूध बघायला लागल्या. दूध काही उतू जात नव्हतं. मग म्हणाल्या, “कोट घाला.”

घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, ‘लाम’ नावाचं गास्टहाउस, म्हणजे बिअर पाजणारी खानावळ, होतं. त्याचा मालक गोटलोब हा हेबर्लेबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, आणि दोघांत बोलणं नव्हतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लढाईच्या आधी कधीतरी गोटलोबने गास्टहाउसच्या मागे नाचाचा हॉल बांधला होता. त्या दिवसापासून बहिणीने त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. रोज सकाळी दोघं आपापलं अंगण झाडत, मध्ये दहा पावलांचा रस्ता, आणि दोघांनाही एकमेकांच्या केरसुणीपलीकडे काही दिसत नसे.

काळी टोपी घालून हेबर्लेबाईंनी रस्ता ओलांडला. मागे वीणा. आजूबाजूच्या खिडक्यांचे पडदे हलले. बाई उंबऱ्याच्या अलीकडे थांबल्या आणि आत हाक मारली. गोटलोब ग्लास पुसता पुसता बाहेर आला, आणि बहिणीला पाहून त्याला ग्लास कुठे ठेवावा ते सुचेना.

“या मुलीला तुझा हॉल दे,” बाई म्हणाल्या. “शनिवारी. त्यांना नाटक करायचं आहे.”

“माझा हॉल?” गोटलोब म्हणाला. “तू मागतेस?”

“हॉल चांगला झाला असं समजू नकोस. तो आहे तसाच आहे. पण हे लोक आधी आपल्या देवाची पूजा केल्याशिवाय नाटक करत नाहीत. आमच्या हॉलमध्ये ते चालणार नाही. तुझ्याकडे बिघडायला काही शिल्लक नाही.”

गोटलोब हसायला लागला. मोठा, पोट हलवणारा माणूस, त्याला ते आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि मग वीणाच्या लक्षात आलं की तो नुसता हसत नव्हता. “घेऊ दे की,” तो म्हणाला. “अगं, आत तरी ये. गुडघा कसा आहे तुझा? दोन वर्षं बघतोय, डावा पाय ओढतेस.”

“आत येणार नाही,” हेबर्लेबाई म्हणाल्या.

त्याने आतून खुर्ची आणली आणि उंबऱ्याबाहेर, फरसबंदीवर ठेवली. बाई बसल्या. गुडघ्याबद्दल बोलल्या, आईच्या थडग्यावरच्या दगडाबद्दल बोलल्या. वीणा हळूच मागे सरकली. तिला हॉल मिळाला होता आणि तिचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं, पण त्या दोघांना तसं बसलेलं पाहूनच तिचा ऊर जास्त भरून आला.

शनिवार उजाडला. आत्मारामने स्टुटगार्टच्या मार्केटहालमधून एकुलता एक नारळ मिळवला होता आणि तो मफलरमध्ये गुंडाळून तान्ह्या मुलासारखा घेऊन आला. दुपारी वीणा इरकली नेसून, कुंकू लावून खाली उतरली, तेव्हा हेबर्लेबाई स्वयंपाकघरात फरशीवर एक घोंगडी घडी करून ठेवत होत्या.

“चारला सुरू होणार ना?” त्यांनी विचारलं. “मीही चारला गुडघे टेकणार आहे. तुमचं संपेपर्यंत.”

“आमचं नाटक पडावं म्हणून?” वीणाने चेष्टेने विचारलं.

“नाटकाशी मला काय करायचंय. तुमच्यासाठी.” त्यांना चेष्टा करायची नव्हती. “तुम्ही दुसरी बाई होऊन तिथे उभ्या राहणार. तिकडे गेलेलं माणूस परत येतंच असं नाही. तुम्ही परत यावं, म्हणून.”

वीणाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाई दचकून मागे झाल्या, पण रागावल्या नाहीत.

हॉल भरला होता. मराठी मंडळी होती, गावातली माणसं होती, पहिल्या रांगेत पाद्री अगोदरपासूनच कौतुकाचा चेहरा करून बसला होता. विंगेत पूजा झाली. नास्तिक आत्मारामने नारळ फोडताना इतके घट्ट डोळे मिटले की पहिला फटका स्टुलावर बसला. नांदी म्हणताना दिनकरचा आवाज चिरकला. आणि मग सगळे आपापल्या जागी गेले.

वीणाला पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही आठवेना. तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. सगळे चेहरे प्रेमळ होते. आपण कसंही केलं तरी हे लोक टाळ्या वाजवतील, तिला वाटलं. पाद्री कुल्टूर म्हणेल, आपली माणसं घरच्यासारखं वाटलं म्हणतील आणि चिवड्याकडे वळतील. यांच्यापैकी कुणाच्याही दृष्टीने आज इथे काही फार मोठं घडणार नव्हतं. रस्त्यापलीकडे मात्र एक म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांवर, गार फरशीवर बसली होती, कारण वीणा आगाशे आज कुठे पाऊल टाकते आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्या नाटकाचा इतका मान आजवर कुणी केला होता? वीणाने फळ्यांना हात लावला, तो कपाळाला लावला, आणि ती आत गेली.

वाक्यं आपोआप आली. घरातला प्रवेश झाला, नवऱ्याशी भांडणाचा झाला. कोर्टाचा आला. आत्माराम मुनसफ होऊन मान खाली घालून उभा होता आणि तिला साक्ष द्यायची होती. तिने तोंड उघडलं तेव्हा जो आवाज बाहेर पडला, तो तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तो खालच्या पट्टीतला होता, संथ होता, आणि त्याला कुणाचीच भीती नव्हती. आईची नाही, काकांची नाही, रत्नागिरीच्या वकिलांची नाही. मागे बिअरचे ग्लास घेऊन निघालेला गोटलोब वाटेतच थांबला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तो प्रवेश संपेपर्यंत हलला नाही. आत्माराम स्वतःचं वाक्य विसरला, स्वतःच लिहिलेलं, आणि दिनकरने ते शिपायाच्या पोशाखात मागून पुटपुटलं.

पडदा पडला. टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या, चिवडा झाला. गाडीची वेळ होती म्हणून मंडळी घाईने निघाली. आत्माराम जाता जाता नुसता तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “वीणाबाई, पुढच्या वर्षी काय करू हो मी?” ती हसली. मग साडीवर कोट चढवून तिने रस्ता ओलांडला. हवा छान गार होती आणि तिला कोटाची बटणं लावावीशी वाटली नाहीत.

हेबर्लेबाईंनी दार उघडलं. त्यांचे डोळे लाल होते आणि गुडघ्यापाशी काळा झगा चुरगळलेला होता. त्यांनी वीणाची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. आजारी माणसाचा ताप उतरला का ते बघतात तसं.

“परत आलात?” त्यांनी विचारलं.

“आले,” वीणा म्हणाली.

त्या घरात ती पुढेही वसंतापर्यंत राहिली, आणि हेबर्लेबाईंशी खोटं बोलली ती एवढ्या एकाच वेळी.